पाट डोंगर का चढत नाही? (सायकलीवरून उताराचा पाठ)



आजचा पाठ चौथी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. विषय परिसर अभ्यास आणि भूगोल, जोडीला थोडं गणित. वर्गात दोन तासिका आणि बाहेर एक सकाळ पुरेल. साहित्य फार नाही: मुलांच्या सायकली, गवंड्याकडची लेवलची नळी, फक्की, लाल रिबीन, मीटरपट्टी.

"महाराष्ट्र पठाराचा उतार पूर्वेकडे आहे" हे वाक्य आपली मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहून एक गुण मिळवतात. त्याच मुलाला विचारा, "बाळा, तुझ्या घरापासून शाळेपर्यंत चढ किती वेळा लागतो?" तो लगेच सांगेल. म्हसोबाच्या अलीकडे उतरावं लागतं, ओढ्यातून वर येताना दम लागतो, मग शाळेपर्यंत सायकल आपली आपण पळते. म्हणजे उतार त्याच्या पायाला माहीत आहे, फक्त पुस्तकातला उतार आणि पायातला उतार यांची गाठ पडलेली नाही. ती गाठ घालायला सायकलीएवढं चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. मोटारसायकलवर चढ कळत नाही, चालताना अर्धवट कळतो. सायकलीवर पाच फुटांचा चढसुद्धा लपत नाही.

सुरुवात मात्र आपण थोडी लांबून करू.

जगात सायकलीवर सामान लादून आठ-आठ, दहा-दहा दिवस फिरणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना दोन गोष्टी एकदम हव्या असतात. एक म्हणजे डोंगराळ, बघण्यासारखा मुलूख, आणि दुसरी म्हणजे मोटारी नसलेला रस्ता. तिसरी इच्छा ते मोठ्याने बोलत नाहीत, पण असतेच: चढ फार नको! आता डोंगराळ मुलूख आणि चढ नको, हे एकत्र कसं जमायचं? मुलांना हा प्रश्न फळ्यावर लिहून द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. माझ्या वर्गात "बोगदा" हे उत्तर लवकर आलं, "पूल"ही आला. एकाने "डोंगराला वळसा" असं सांगितलं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

स्पेन देशात हे प्रत्यक्ष केलेलं आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूचा हा देश, दक्षिणेकडचा अंदालुसिया प्रांत तर सगळा टेकड्याटेकड्यांचा. तिथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्यांचे सायकलीचे आणि पायी चालायचे रस्ते केले. १९९३ पासून हे काम चालू आहे. त्या रस्त्यांना तिथे 'विया व्हेर्दे' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. त्यांतली एक वाट पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा अशी सुमारे ३६ किलोमीटरची आहे. तिची गोष्ट मुलांना फार आवडते, कारण त्या मार्गावरून गाडी कधी धावलीच नाही. १९२० च्या दशकात काम सुरू झालं, बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनच्या इमारतीसुद्धा उभ्या राहिल्या. मग पैसा आटला, १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि रूळ काही पडले नाहीत. ३० बोगदे आणि ४ मोठे पूल कित्येक वर्षं नुसतेच पडून राहिले. आज त्या बोगद्यांतून सायकली जातात. गावं टेकड्यांच्या माथ्यावर, पांढरी शुभ्र, आणि वाट खाली नदीच्या खोऱ्यातून. कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे, ती बघत बघत माणसं पुढे जातात.

रेल्वेच्या जुन्या वाटेवर सायकल एवढी सहज का चालते? कारण रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. आपला बोरघाट आठवा. १८६३ साली तो मार्ग सुरू झाला. तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा चढ इतका अवघड की मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आणि सायकलवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, ३७ ला १ काही फार नाही! आपल्या गावातल्या ओढ्याचा चढ याच्या दुप्पट असतो. एका गड्याचं अवघड ते दुसऱ्याचं सोपं. आगगाडीसाठी ज्यांनी डोंगर फोडले, त्यांनी नकळत सायकलवाल्याची सोय करून ठेवली.

आता आपल्याकडे या.

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके म्हणजे भीमेचे दोन काठ. नदीच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दौंडकडचा हा मुलूख जुन्या भीमथडीतला, थडी म्हणजे काठ. इथली भीमथडी तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. तट्टं गेली, आता प्रत्येक घरात लोखंडी तट्टू आहे, पण त्याला पळवायला वाट उरलेली नाही. पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर या दोन मोठ्या रस्त्यांवर लहान मुलाला सायकल घेऊन कोणी सोडणार नाही. आतल्या रस्त्यांवर उसाचा हंगाम आला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. समोरून तो आला की मोठी माणसंसुद्धा रस्ता सोडून शेतात उतरतात.

तरी आपल्याकडे एक वाट अशी आहे की जिला चढ नाही, जिच्यावर ट्रक नाही आणि जी डोंगराच्या कडेकडेने मैलोन् मैल जाते. तिला आपण वाट समजत नाही एवढंच. ती म्हणजे पाटाच्या कडेचा रस्ता, कॅनॉलचा रस्ता.

पाठाचा खरा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पाट दाखवायला मुलांना घेऊन गेले होते तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाट असा वाकडातिकडा कशाला काढलाय? सरळ काढला असता तर लवकर नसता का पोचला?" वर्षानुवर्षं पाटाच्या कडेला राहणारी मोठी माणसंही हा प्रश्न विचारत नाहीत. मी उत्तर दिलं नाही. तिलाच म्हटलं, "सरळ काढला तर वाटेत काय लागेल?" ती बघत राहिली. मग म्हणाली, "ती टेकडी लागंल. अन् पाणी टेकडीवर चढणार नाही." आणि दुसरा मुलगा लगेच, "अन् खड्डा लागला तर पाणी तिथंच बसंल."

झालं, कालव्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. पाण्याला वर चढता येत नाही आणि फार खाली उतरलं तर पुन्हा वर येता येत नाही. म्हणून कालवा जमिनीवर एकाच उंचीची जागा शोधत शोधत जातो. टेकडी आली की तिला बाहेरून वळसा, घळ आली की आत वळण. उंची जवळपास तीच राहते, फक्त पाणी पुढे सरकावं म्हणून अगदी नकळत उतार दिलेला असतो. मुख्य कालव्याचा ढाळ काही हजार मीटरला एखादा मीटर इतका मंद असतो. पुढे सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा येतात. समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, अशी व्याख्या मुलं घोकतात आणि नकाशावरच्या त्या वेटोळ्यांकडे घाबरून बघतात. त्यांना सांगा, ती रेषा तुमच्या शिवारात कोणीतरी खोदून ठेवली आहे आणि तिच्यात पाणी सोडलं आहे. कालवा म्हणजे जमिनीवर काढलेली जवळपास समोच्च रेषाच. मग व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. उजवा कालवा, डावा कालवा ही नावं मुलांनी ऐकलेली असतात, पण कोणाचा उजवा? नदीचा. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग उजव्या हाताचा तो उजवा. मैदानावर फक्कीने नदी काढा, मुलांना तिच्यात उभं करा, तोंड पूर्वेला. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा दक्षिणेच्या अंगाने येतो, म्हणून तो दौंडकडे: लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत पुढे इंदापूरपर्यंत. नवा कालवा दोनशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. त्याच्या दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग आणि उत्तरेला नदी, या दोहोंच्या मधून तो जातो. भीमेवरच्या चासकमान धरणाचा डावा कालवा उत्तरेच्या अंगाने, म्हणून तो खेडमधून शिरूरकडे. आपले दोन तालुके एकाच नदीच्या दोन हातांना आहेत हे मुलांना या खेळात लगेच कळतं. शिवाय चिंचणीजवळचं घोड धरण आहे, त्याचे कालवे आहेत. तुमच्या शाळेजवळ यांपैकी कोणता पाट किंवा कोणती चारी जाते ते आधी बघून ठेवा.

हे पाट नसते तर काय असतं, हेही विचारायला लावा. आपल्याकडे पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. स्पेनमध्ये हाएन म्हणून एक प्रांत आहे, तिथेही साधारण तेवढाच. फरक असा की आपला पाऊस जून ते सप्टेंबर, त्यांचा हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. हाएनमध्ये ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. डोंगरउतारावर नजर जाईल तिथपर्यंत रांगा. ऑलिव्ह कमी पाण्यावर तगतं. तेवढ्याच पावसाच्या आपल्या मुलखात मात्र ऊस उभा आहे, आणि तो पावसावर नाही, पाटावर आणि विहिरी-बोअरवर उभा आहे. त्यांची तेलाची गाडी जायची तो रेल्वेमार्ग १९८५ मध्ये बंद पडला आणि आज तिथे १२८ किलोमीटरची सायकलवाट आहे. तिचं नावच तेलाची हिरवी वाट. आपल्याकडे उसाचं पाणी आणणाऱ्या पाटाच्या कडेला रस्ता आहेच. नाव मात्र कोणी ठेवलेलं नाही.

आता मोजमाप.

पहिली कृती शाळेच्या आवारातच करा. गवंड्याकडे लेवलची नळी असते, पारदर्शक प्लॅस्टिकची. वीस मीटरपेक्षा लांब असलेली मागून आणा, कोणीही आनंदाने देतो. नळीत पाणी भरा, मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. फाटकापासून वर्गापर्यंतच्या उतारावर २० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. एका खुणेवर एक मुलगा नळीचं एक टोक काठीला धरून उभा, दुसऱ्या खुणेवर दुसरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येऊन थांबतं. आता दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. समजा वरच्या बाजूला ४० सेंटिमीटर आली आणि खालच्या बाजूला १ मीटर ४० सेंटिमीटर. फरक १ मीटर. म्हणजे २० मीटरला १ मीटर, आपला उतार २० ला १. शेकडेवारी शिकलेल्या मुलांनी ५ टक्के असं लिहायचं.

हीच नळी मग पाटाच्या रस्त्यावर धरून बघा. पाच हजाराला एक असा ढाळ धरला तर वीस मीटरला फरक येतो ४ मिलिमीटर. मातीच्या रस्त्यावर एवढा फरक एखाद्या खड्यानेही झाकला जातो. मुलं म्हणतात, "बाई, इथं उतारच नाही." पाणी मात्र चाललेलं असतं. उतार आहे की नाही हे पाण्याला कळतं, आपल्याला कळत नाही. यावर वर्गात छान वाद होतो, तो होऊ द्या.

दुसरी कृती मुलांची सर्वांत आवडती. हिला आमच्या वर्गात 'गडगड चाचणी' म्हणतात. जमिनीवर फक्कीची रेघ मारायची. त्या रेघेपर्यंत पायडल मारत यायचं, रेघेवर पाय थांबवायचे आणि सायकल आपोआप जिथपर्यंत जाईल तिथे खूण करायची. मग उलट दिशेने तेच. ओढ्याच्या रस्त्यावर एका दिशेला सायकल पळत सुटते आणि दुसऱ्या दिशेला लगेच अडते. पाटाच्या रस्त्यावर दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी येतात. वारा असेल तर फरक पडतो, तेव्हा वारा कुठून आहे हेही लिहायला सांगा. अंतर मोजायला टेप नसेल तर चाकाला रिबीन बांधा. बावीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. फेरे मोजा, गुणाकार करा. परीघ हा धडा पुढच्या वर्गात येईल तेव्हा मुलांना तो परका वाटणार नाही.

चढावर दम का लागतो, हे सांगायला एक उदाहरण देते. मुलाचं वजन ३५ किलो आणि सायकल १५ किलो धरा, मिळून झाले ५० किलो. सिमेंटची एक गोणी. दहा मीटर उंचीचा चढ चढणं म्हणजे ती गोणी तीन मजले वर नेणं. चढ १० ला १ असेल तर हे काम १०० मीटरांत उरकावं लागतं, ५० ला १ असेल तर ५०० मीटरांत वाटून घेता येतं. गोणी तीच, मजले तेच, हप्ते मात्र वेगळे! गियरची सायकल चढ कमी करत नाही, ती फक्त आणखी लहान हप्ते पाडून देते. आपल्या मुलांच्या सायकलींना गियर नसतात, म्हणून ओढ्याच्या चढाला ती उतरून सायकल हातात धरून चालतात. त्यात कमीपणा काही नाही. स्पेनमध्येही लोक तेच करतात.

दौंडकडच्या शाळांना आणखी एक सोय आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुणे स्टेशन साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. दौंडच्या, केडगावच्या पाटीवरचा आकडा मुलांनाच वाचून आणू द्या आणि वजाबाकी करायला सांगा. पुणे ते दौंड रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. भागाकार केला की "पठाराचा उतार पूर्वेकडे" हे एका गुणाचं वाक्य आकड्यात समोर येतं.

आता जी गोष्ट मला खास पालकांशी बोलायची आहे ती.

शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. तीन किलोमीटर म्हणजे सायकलीवर पंधरा-वीस मिनिटं. अंतर काहीच नाही. पण आपण घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. वाटेत हायवे ओलांडायचा आहे का, ट्रक किती, अंधार किती, यात मोजतो. आणि जिथे हा हिशेब जुळत नाही तिथे मुलाला गाडीवर सोडायला कोणीतरी जातं, मुलीला मात्र "पुढच्या वर्षी बघू" असं सांगितलं जातं. हे मी दोन-तीन गावांत बघितलं आहे. सायकल दिली म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. सायकल घरात उभी असते, रस्ता नसतो.

म्हणून तिसरी कृती: गावातून शाळेकडे जायच्या दोन वाटा निवडा, एक डांबरी आणि एक आतली. दोन्हीकडे मोठी माणसं सोबत ठेवून, रस्त्यापासून लांब बसून, पंधरा मिनिटांत किती ट्रक, किती ट्रॅक्टर, किती चारचाकी, किती मोटारसायकली गेल्या ते मुलांनी रेघा मारून मोजायचं. दोन्ही वाटांची लांबीही मोजायची. समजा डांबरी वाट तीन किलोमीटरची आणि तिच्यावर चाळीस वाहनं, आतली वाट चारची आणि तिच्यावर चार मोटारसायकली. आता विचारा, जवळची वाट कोणती? यावर वर्गात एकमत होणार नाही. तो तक्ता घरी घेऊन जाऊ द्या आणि पालकसभेत भिंतीवर लावा. ग्रामसभेत "आतल्या वाटेवर मुरूम टाका" असं म्हणायला कोणाला आधार हवा असेल तर मुलांच्या हातचा तक्ता चांगला आधार आहे.

पाटाचा रस्ता रोजच्या शाळेसाठी वापरा असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. तीन कारणं आहेत, आणि ती मुलांसमोरही स्पष्ट बोलावीत.

पहिलं पाणी. आवर्तन सुटलेलं असताना भरलेला पाट शांत दिसतो, पण अस्तर केलेल्या तिरक्या कडेवरून माणसाला वर येता येत नाही, शेवाळावर पाय ठरत नाही. पोहता येणारी माणसंही दगावली आहेत. मुलांना घेऊन जायचं ते पाट कोरडा असताना, आणि तेव्हासुद्धा सायकली पाण्याच्या बाजूने नाही, शेताच्या बाजूने.

दुसरं बिबट्या. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसात बिबट्या राहतो हे आपल्याकडच्या कोणालाच नव्याने सांगायला नको. पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर आपल्याकडच्या आयांना सायकलीचं कौतुक सांगणं सोपं राहिलेलं नाही, आणि राहू नयेच. तेव्हा आमचा नियम असा: सहल सकाळी दहाच्या पुढे, परत दुपारी तीनच्या आत. एकट्याने मागे राहायचं नाही. उसाच्या कडेला खाली वाकून बसायचं नाही, चेन पडली तरी आधी मोकळ्या जागेत जायचं. दोन मोठी माणसं पुढे, दोन मागे. बिबट्या दिसल्याची ताजी बातमी असेल तर सहल रद्द, त्यावर चर्चा नाही.

तिसरं परवानगीचं. कालव्याचा रस्ता जलसंपदा विभागाचा असतो, तो त्यांच्या देखभालीसाठी आहे. शाखा कार्यालयाला साधं पत्र द्या, शाळेच्या वरिष्ठांची आणि पालकांची लेखी संमती घ्या. आणि पाटकऱ्याला भेटा. पाणी कधी सुटणार, रस्ता कुठे खचला आहे, कुठे मोरी फुटली आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडच्या पाटकऱ्यांनी मुलांना चारीचं गेट कसं उचलतात ते दाखवलं आणि अर्धा तास पाणीवाटपावर बोलले. मी ठरवलेला पाठ त्या दिवशी मागे पडला, त्यांचाच पाठ जास्त चांगला झाला.

सहलीच्या आदल्या दिवशी सायकली शाळेत आणायला सांगा. दोन्ही ब्रेक, चेन, हवा, हॅन्डल ढिलं आहे का, एवढं बघायचं. गावातल्या सायकलवाल्या काकांना बोलावलंत तर पंक्चर काढण्याचं प्रात्यक्षिकही होऊन जातं: ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, कानस घासायची, सोल्युशन, मग ठिगळ. सगळ्यांकडे सायकल नसते, याची आधी सोय करा. दोघांत एक सायकल, अर्धी वाट एकाने आणि अर्धी दुसऱ्याने, तोपर्यंत दुसरा मोजणीच्या गटात. डबल सीट नाही. मोठ्या सायकलीवर नळीतून पाय घालून हाफ पायडल मारणारी मुलं अजून आहेत, त्यांना लहान सायकल मिळवून द्या. चार-पाच किलोमीटरच्या वर जाऊ नका.

मोठ्या मुलांसाठी, आठवी-नववीच्या पुढे, लांबची ठिकाणं पुष्कळ आहेत. शिरूरकरांना टाकळी हाजीजवळचे कुकडी नदीतले रांजणखळगे आहेत. पाण्यासोबत गरगरणाऱ्या दगडांनी काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले ते रांजण बघितले की पाणी उतारावर काय काय करतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. पलीकडच्या काठावर निघोज, म्हणजे जिल्हासुद्धा बदलतो. मोराची चिंचोली आहे. यवतच्या बाजूने भुलेश्वरचं देऊळ आहे, यादवकाळातलं, आतलं कोरीव काम डोळे भरून बघावं असं. पण तो घाट चांगलाच चढाचा आहे आणि देवळात जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, तेव्हा तिथे लहानांना सायकलीवर नेऊ नका. खालच्या कालव्यावरून तो डोंगर दाखवा आणि विचारा, "पाट वर देवळापर्यंत का नेला नाही?" आता उत्तर सगळ्यांना येतं.

सहल झाल्यावर वहीत लिहायला मी चार प्रश्न देते. आज सायकल कुठे आपोआप चालली? कुठे उतरून चालावं लागलं? पाट कोणत्या ठिकाणी वळला आणि तिथे त्याला काय आडवं आलं होतं? तुझ्या घराची उंची पाटापेक्षा जास्त की कमी, आणि हे तुला कशावरून कळलं? चौथ्या प्रश्नाला एका मुलाने लिहिलं होतं: "आमचं घर पाटाच्या वर आहे कारण आमच्या शेतात पाटाचं पाणी येत नाही, मोटर लावावी लागते." त्याच्या शेजारच्या मुलीने लिहिलं, "आमचं खाली आहे. चारी उघडली की पाणी आपलं आपण येतं." दोघांची घरं रस्त्याच्या दोन बाजूंना, मधे अंतर पन्नास पावलं. तो पाठ मी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू केला, वीजबिलापासून.